आर्क्टिक मूलस्थान सिद्धान्त

आर्क्टिक मूलस्थान सिद्धान्त हा लोकमान्य बाळ गंगाधर टिळक यांनी 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' या १९०३ साली पुणे येथे प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथात मांडलेला सिद्धान्त होय. वैदिक आर्यांच्या पूर्वजांचे मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवाच्या परिसरात होते, त्या वेळी तेथील हवामान सौम्य व वस्तीयोग्य होते आणि पुढे हिमयुगाच्या आगमनामुळे तो प्रदेश बर्फाखाली गेल्याने त्यांना दक्षिणेकडे स्थलांतर करावे लागले, असे त्याचे थोडक्यात स्वरूप आहे. सिद्धान्ताचा एक पाय वेद व अवेस्ता यांतील वचनांवर होता आणि दुसरा तत्कालीन भूशास्त्रावर. पहिल्याची चर्चा मराठीत विपुल झाली. दुसऱ्याकडे मात्र पुरेसे लक्ष गेले नाही. ध्रुवीय बर्फ केव्हा आले, केव्हा वितळले आणि ते कशावरून ठरवायचे हा प्रश्न मराठी भाषकांपुढे प्रथम याच ग्रंथाच्या निमित्ताने ठळकपणे आला. आज हा सिद्धान्त भूशास्त्र, पुरातत्त्व व भाषाशास्त्र या तिन्ही शास्त्रांत ग्राह्य मानला जात नाही.

पार्श्वभूमी

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरी येथे झाला. त्यांचे मूळ गाव दापोली तालुक्यातील चिखलगाव. वडील गंगाधरपंत शिक्षक होते. संस्कृत व गणित या दोन्ही विषयांत त्यांची गती होती आणि त्रिकोणमितीवर त्यांनी क्रमिक पुस्तकही लिहिले होते. १८६६ मध्ये वडिलांची बदली पुण्यास झाल्याने टिळकांचे पुढील शिक्षण तेथे झाले. रत्नागिरीतील टिळक आळीतले त्यांचे जन्मघर आज राज्य संरक्षित स्मारक आहे. संस्कृत आणि गणित यांचा जो संगम टिळकांच्या वेदविषयक लेखनात दिसतो, त्याचे मूळ या घरातील शिकवणीत शोधता येते.

१८९३ मध्ये टिळकांनी 'ओरायन' हा पहिला वेदकालविषयक ग्रंथ प्रसिद्ध केला. वसंतसंपात मृगशीर्ष नक्षत्रात असल्याचे उल्लेख वैदिक वाङ्मयात सापडतात. अयनचलनाच्या गणिताने तो काळ इ. स. पू. सुमारे ४५०० येतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. जर्मन पंडित हेर्मान याकोबी हेही स्वतंत्रपणे जवळपास त्याच निष्कर्षास आले होते. त्यामुळे 'ओरायन'ला युरोपीय पंडितांत गंभीर वाचक मिळाले. (अयनचलनाविषयीच्या टिळकांच्या मतांचा एक वारसा वेगळ्या वाटेने टिकून आहे. 'टिळक पंचांग' कोकणातील काही घराण्यांत आजही पाळले जाते आणि अधिक मासाच्या फरकामुळे एखाद्या वर्षी त्यांचे सण इतरांपेक्षा महिनाभर आधी येतात.)

१८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. कारावासात असताना माक्स म्युलर यांनी आपल्या ऋग्वेदाच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रत त्यांना पाठविली. ती वाचण्याची आणि त्यासाठी रात्री दिवा वापरण्याची मुभा सरकारने दिली, याचा कृतज्ञ उल्लेख टिळकांनी प्रस्तावनेत केला आहे. सप्टेंबर १८९८ मध्ये मुदतीपूर्वी सुटका झाल्यावर त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत ग्रंथाचा पहिला आराखडा तयार झाला. मात्र ताई महाराज प्रकरणातील कोर्टकचेऱ्यांमुळे काम लांबले. अंतिम लेखनाचा बराचसा भाग सिंहगडावरील मुक्कामात झाला, असे चरित्रकार सांगतात. प्रस्तावनेवर मार्च १९०३ हा महिना आहे.

ध्रुवाजवळ मानवाचे मूळ शोधण्याची कल्पना टिळकांच्या आधीची आहे. बॉस्टन विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम फेअरफील्ड वॉरन यांनी 'पॅराडाइज फाउंड' (१८८५) या पुस्तकात बायबलमधील नंदनवन उत्तर ध्रुवावर होते असे म्हटले होते. टिळकांनी वॉरन यांचे ऋण मान्य केले आहे. वॉरन यांचा रोख सर्व मानवजातीच्या उगमावर होता. टिळकांनी प्रश्न मर्यादित केला आणि पुराव्याची शिस्तही बरीच कडक ठेवली.

भूशास्त्रीय आधार

ग्रंथाच्या दुसऱ्या प्रकरणात हिमयुगाची चर्चा आहे. सिद्धान्ताचे खरे जोते तेच.

युरोप व उत्तर अमेरिका यांचा मोठा भाग एके काळी बर्फाच्या जाड थराखाली होता, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वमान्य झाली होती. वाद होता तो काळाचा. स्कॉटिश संशोधक जेम्स क्रोल (औपचारिक शिक्षण जेमतेम असलेला आणि ग्लासगोच्या एका संग्रहालयात रखवालदारी करीत अभ्यास करणारा हा मनुष्य विज्ञानाच्या इतिहासातील एक नवलच होय) यांनी हिमयुगाचा संबंध पृथ्वीच्या कक्षेतील बदलांशी जोडला. कक्षेची उत्केंद्रता वाढलेली असताना हिवाळा अपसूर्य स्थितीत आला की बर्फ साठत जाते, असे त्यांचे गणित होते. या गणिताने शेवटचे हिमयुग सुमारे २,४०,००० वर्षांपूर्वी सुरू होऊन ८०,००० वर्षांपूर्वी संपले असे निघत होते.

ही कालगणना टिळकांना सोयीची नव्हती. मानवी स्मृती ऐंशी हजार वर्षे टिकून ऋग्वेदात उतरली, असे म्हणणे अवघड होते. त्यांनी आधार घेतला तो अमेरिकन भूशास्त्रज्ञांचा. बर्फ मागे हटल्यानंतर नायगारा नदी वाहू लागली आणि धबधबा कडा झिजवीत मागे मागे सरकत गेला. त्यामुळे मागे सरकण्याचा वार्षिक वेग आणि घळईची लांबी ठाऊक असेल तर बर्फ हटल्याचा काळ काढता येतो. चार्ल्स लायेल यांनी १८४१ च्या भेटीनंतर हा काळ ३५,००० वर्षे धरला होता. पुढे प्रत्यक्ष मोजण्या झाल्या तेव्हा वेग बराच अधिक आढळला आणि आकडा सात ते दहा हजार वर्षांवर आला. मिनेसोटातील सेंट अँथनी धबधब्यावरूनही सुमारे आठ हजार वर्षे निघाली. टिळकांनी या मोजणीवर विश्वास ठेवून हिमोत्तर काळाचा आरंभ इ. स. पू. ८००० च्या आसपास धरला.

येथे टिळकांची निवड बरोबर ठरली, हे नोंदविले पाहिजे. स्वीडनमध्ये गेरार्ड द येअर यांनी हिमनद्यांच्या वितळत्या पाण्याने दरवर्षी साचणाऱ्या चिखलाच्या थरांची मोजणी करून १९१० च्या स्टॉकहोम येथील भूशास्त्र परिषदेत जो काळ सांगितला तो सुमारे १२,००० वर्षांचा होता. ग्रीनलंडच्या हिमगाभ्यावरून आज हिमोत्तर काळाचा आरंभ ११,७०० वर्षांपूर्वी मानला जातो. क्रोल यांच्या ८०,००० वर्षांपेक्षा टिळकांनी स्वीकारलेला आकडा सत्याच्या कितीतरी जवळ होता.

त्याच प्रकरणातील दुसरे गृहीतक मात्र वेगळ्या प्रकारचे होते. दोन हिमकालांच्या मधल्या उबदार काळात ध्रुवीय प्रदेशातील हवामान वसंत ऋतूसारखे सौम्य होते, असे तत्कालीन अनेक भूशास्त्रज्ञ मानीत. स्पिट्झबर्गेन, ग्रीनलंड आदी ठिकाणी सापडलेले वृक्षांचे जीवाश्म प्रसिद्ध होते. स्विस शास्त्रज्ञ ओस्वाल्ड हेअर यांनी त्यांवर अनेक खंडांचा ग्रंथ लिहिला होता. ध्रुवाजवळ एकेकाळी अरण्ये होती यात शंका नव्हती. ती किती जुनी, हे ठरविण्याचे साधन त्या वेळी कोणाजवळच नव्हते.

वेद व अवेस्ता यांतील पुरावे

टिळकांनी प्रथम ध्रुवीय आकाशाची लक्षणे निश्चित केली. प्रत्यक्ष ध्रुवावर सूर्य वर्षातून एकदाच उगवतो, सहा महिन्यांचा दिवस व सहा महिन्यांची रात्र असते, तारे डोक्याभोवती कुंभाराच्या चाकाप्रमाणे आडवे फिरतात आणि उषा अनेक आठवडे क्षितिजावर फिरत राहते. ध्रुवालगतच्या प्रदेशात दीर्घ रात्र व दीर्घ दिवस असतात, पण त्यांच्या मध्ये नेहमीसारखे अहोरात्रही असतात. ही लक्षणे अन्यत्र कोठेही आढळत नाहीत. तेव्हा त्यांचे उल्लेख वेदांत सापडल्यास ते प्रत्यक्ष अनुभवाचे मानावे, अशी त्यांची युक्तिवादाची चौकट होती.

या चौकटीत त्यांनी बसविलेली सामग्री मोठी आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील ७६ व्या सूक्तात उषेच्या प्रथम दर्शनापासून सूर्योदयापर्यंत अनेक दिवस लोटल्याचा अर्थ त्यांनी घेतला. तैत्तिरीय संहितेतील तीस उषा-भगिनी म्हणजे तीस दिवसांची अखंड उषा, असे त्यांनी म्हटले. अदितीने सात पुत्रांना जवळ केले व आठवा मार्तण्ड टाकून दिला, या कथेत सूर्यप्रकाशाचे मोजके महिने सूचित आहेत असे त्यांना वाटले. दहाव्या युगात वृद्ध झालेला दीर्घतमा हा दहा महिन्यांनी क्षितिजाखाली जाणारा सूर्य. नऊ व दहा महिन्यांत सत्र संपविणारे नवग्व व दशग्व हे दहा महिन्यांच्या यज्ञवर्षाचे साक्षीदार. गवामयन सत्र दहा महिन्यांतही पुरे करता येते, या ब्राह्मणग्रंथांतील विधानावर त्यांनी एक संपूर्ण प्रकरण लिहिले असून प्राचीन रोमन वर्ष दहा महिन्यांचे होते ही परंपरा त्याच्या जोडीला ठेवली आहे. इंद्राने शंबराला चाळिसाव्या शरदात शोधले, या वचनातील चाळीस हा आकडा वर्षांचा नसून शरद ऋतूतील चाळिसाव्या दिवसाचा आहे, असा अर्थ करून दीर्घ रात्रीचा आरंभदिनही त्यांनी काढला.

अवेस्तातील वेन्दिदादच्या पहिल्या दोन प्रकरणांवर त्यांचा विशेष भर होता. ऐर्यन वएजो या आद्य भूमीत अंग्रमैन्यूने दहा महिन्यांचा हिवाळा आणला आणि प्राणघातक हिमवर्षावाची पूर्वसूचना मिळाल्यावर यिमाने प्राणिमात्रांसाठी 'वर' नावाचे आवार बांधले. तेथे वर्ष एका दिवसासारखे भासे, असे त्यात वर्णन आहे. वेदांत केवळ ध्रुवीय आकाश सापडते, पण बर्फाने घर उद्ध्वस्त झाल्याची आठवण अवेस्तात आहे, म्हणून टिळकांच्या दृष्टीने हा पुरावा निर्णायक होता.

आक्षेप दोन प्रकारचे घेतले गेले. पहिला अर्थनिर्णयाचा. 'उषा' हे अनेकवचन आदरार्थी असू शकते किंवा रोज येणाऱ्या उषांचा एकत्रित निर्देश असू शकतो. चाळीस शरद म्हणजे सरळ चाळीस वर्षे. प्रत्येक स्थळी दूरचा अर्थ घेऊन अशी पंचवीस स्थळे जमविली तरी त्यांचे बळ बेरजेने वाढत नाही. दुसरा आक्षेप ज्ञानाच्या मार्गाविषयीचा. देवांचा एक दिवस म्हणजे मानवांचे एक वर्ष ही कल्पना मनुस्मृतीत आहे आणि मेरूवर सूर्य सहा महिने दिसतो हे सूर्यसिद्धान्तात आहे. परंतु पृथ्वी गोल मानून गणित करणाऱ्या ज्योतिष्याला ध्रुवावर न जाताही ते सांगता येते. उत्तरायणाला देवांचा दिवस म्हणणे ध्रुवीय वस्तुस्थितीशी जुळत नाही, कारण ध्रुवावर सूर्य वसंतसंपातापासून शरत्संपातापर्यंत दिसतो, ही विसंगती भास्कराचार्यांच्याही ध्यानात आली होती. टिळकांनी तिची दखल घेऊन उत्तर देण्याचा प्रयत्न केला आहे; ते फारसे समाधानकारक नाही.

टिळकांचा कालपट

अखेरच्या प्रकरणात टिळकांनी पुढीलप्रमाणे कालविभागणी केली. इ. स. पू. १०,००० ते ८००० या काळात हिमयुगाने मूळ आर्क्टिक वसतिस्थानाचा नाश केला व हिमोत्तर काळ सुरू झाला. ८००० ते ५००० हा स्थलांतराचा काळ. ५००० ते ३००० हा मृगशीर्ष काळ, ३००० ते १४०० हा कृत्तिका काळ आणि १४०० ते ५०० हा बुद्धपूर्व काळ. यांतील मृगशीर्ष काळ 'ओरायन'मधील आहे. नव्या ग्रंथाने त्यामागे पाच हजार वर्षांची भर घातली.

प्रतिसाद

आर्य बाहेरून आले हे मत महाराष्ट्रात तोवर केवळ पंडितांच्या चर्चेपुरते राहिले नव्हते. महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) ब्राह्मणांचे पूर्वज इराणकडून आल्याचे म्हटले होते व त्यावर सामाजिक विषमतेची उपपत्ती उभारली होती. टिळकांनी बाहेरून येणे मान्य करून ते स्थान एका अतिप्राचीन, उन्नत संस्कृतीचे ठरविले. राष्ट्रवादी वाचकांपैकी अनेकांना प्राचीनत्व हवे होते, पण परकेपणा नको होता.

पुण्याचेच नारायण भवानराव पावगी यांनी १९१५ मध्ये इंग्रजी ग्रंथ लिहून आर्यांचे मूळ सप्तसिंधूत असल्याचे प्रतिपादिले. टिळकांचे ध्रुवीय पुरावे त्यांनी नाकारले नाहीत. आर्य सप्तसिंधूतून आर्क्टिकमध्ये वसाहतीसाठी गेले आणि हिमयुगामुळे परत आले, असा त्यांनी उलटा प्रवास मांडला. अविनाशचंद्र दास यांनी 'ऋग्वेदिक इंडिया'त (१९२१) सप्तसिंधूभोवतीच्या लुप्त समुद्रांचा आधार घेऊन ऋग्वेद याहूनही मागे नेला. भूशास्त्राचा हवाला देऊन वेदांचा काळ वाढविण्याची ही स्पर्धाच म्हणावी लागेल. भूशास्त्रातील काल आणि मानवी इतिहासातील काल यांच्या मापांत किती अंतर आहे याचा विसर तिच्यात पडलेला दिसतो.

हा विसर टोकाला गेलेला दिसतो तो माधव सदाशिव गोळवलकर यांच्या 'वी, ऑर अवर नेशनहुड डिफाइन्ड' (१९३९) या पुस्तकात. टिळकांचे आर्क्टिक मूलस्थान मान्य, परंतु त्या काळी उत्तर ध्रुवच आजच्या बिहार-ओडिशाच्या भागात होता. पुढे ध्रुव सरकला आणि हिंदू जागीच राहिले, असे त्यांनी लिहिले. गंमत अशी की ओडिशात एकेकाळी खरोखर बर्फ होते. तालचेर येथील गोटेमिश्रित थर हिमनद्यांनी आणलेले आहेत, हे टिळकांच्या जन्मवर्षाच्या सुमारासच भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील मंडळींनी ओळखले होते. महाराष्ट्रातही चंद्रपूरजवळ इरई नदीच्या पात्रात हिमनदीने घासून ओरखडे पाडलेला खडक आहे. पण हे थर सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे असून तेव्हा भारतभूमी गोंडवनाचा भाग म्हणून दक्षिण ध्रुवाच्या बाजूस होती. त्या काळी मनुष्यच काय, डायनोसॉरही अस्तित्वात आले नव्हते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर (ज्यांचे मूळ गाव आंबडवे हे रत्नागिरी जिल्ह्याच्याच मंडणगड तालुक्यात आहे) यांनी 'हू वेअर द शूद्राज?' (१९४६) या ग्रंथात टिळकांच्या सिद्धान्ताची दखल घेतली. घोडा हा वैदिक आर्यांच्या जीवनाचा व धर्माचा अविभाज्य भाग. मग आर्क्टिक प्रदेशात घोडा होता काय, एवढाच प्रश्न त्यांनी विचारला आणि उत्तर नकारार्थी असल्यास सिद्धान्त डळमळतो असे दाखविले. शेकडो वचनांची उलटतपासणी करण्यापेक्षा हा प्रश्न अधिक नेमका होता. पुढील संशोधनाने त्याला दोन पदरी उत्तर दिले. हिमयुगात उत्तर सायबेरियात रानटी घोडे होते. बाटागाईका येथे गोठलेल्या जमिनीत सुमारे ४२,००० वर्षांपूर्वीचे शिंगरू २०१८ मध्ये जवळजवळ अखंड सापडले. परंतु आजच्या सर्व पाळीव घोड्यांचा वंश काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशातून सुमारे ४२०० वर्षांपूर्वी पसरला, हे २०२१ मधील जनुकीय अभ्यासाने दाखविले. वेदांतील रथाचा घोडा हा या पाळीव घोड्यांपैकी होय.

नंतरचे ध्रुवीय संशोधन

ग्रंथ लिहिला जात असतानाच एक मोठी माहिती हाती आली होती. फ्रिट्यॉफ नान्सेन यांचे 'फ्राम' जहाज १८९३ ते १८९६ या काळात बर्फात अडकून वाहत गेले, तेव्हा घेतलेल्या मापांत समुद्राची खोली ३,००० मीटरांहून अधिक आढळली. उत्तर ध्रुव हा भूभाग नसून खोल महासागर आहे. टिळकांचा भर ध्रुवबिंदूपेक्षा ध्रुवालगतच्या प्रदेशावर असल्याने एवढ्याने त्यांचे म्हणणे खोडले जात नाही. ध्रुवावरील बुडालेल्या भूमीची वॉरन यांची कल्पना मात्र तेथेच संपली.

क्रोल यांची कालगणना चुकली, पण कल्पना वाया गेली नाही. सर्बियन गणिती मिलुटिन मिलांकोविच यांनी हिवाळ्याऐवजी उत्तर अक्षांशांवरील उन्हाळ्यातील उन्हाचे गणित मांडले. १९७६ मध्ये हेज, इंब्री व शॅकल्टन यांनी समुद्रतळाच्या गाळावरून ते चक्र प्रत्यक्षात तसेच घडल्याचे दाखविले. शेवटचा हिमकाल सुमारे १,१५,००० वर्षांपूर्वी सुरू झाला, २१,००० वर्षांपूर्वीच्या आसपास परमावधीस पोहोचला आणि ११,७०० वर्षांपूर्वी संपला.

या तीन आकड्यांनी टिळकांच्या मांडणीतील अडचण उघड होते. सिद्धान्ताला इ. स. पू. १०,००० ते ८००० च्या दरम्यान ध्रुवावर बर्फ यायला हवे होते. प्रत्यक्षात त्या काळात बर्फ हटत होते. टिळकांनी बर्फ गेल्याची तारीख जवळपास बिनचूक निवडली, पण आर्यांचे घर उद्ध्वस्त करण्यासाठी त्यांना गरज होती बर्फ आल्याच्या तारखेची, आणि ती एक लाख वर्षे मागे आहे. १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वी उत्तर गोलार्धात थंडीची एक लाट पुन्हा येऊन गेली हे खरे. परंतु तिच्या आधीही आर्क्टिकमध्ये टिळकांना अभिप्रेत असलेला वसंत नव्हता.

हेअर यांच्या अरण्यांचा उलगडाही झाला. ती हिमकालांच्या मधली नसून सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या काळातील आहेत. २००४ मध्ये मध्य आर्क्टिकमधील लोमोनोसोव्ह डोंगररांगेवर समुद्रतळ खोदून काढलेल्या गाळात साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या उबदार, जवळजवळ उपोष्ण समुद्राच्या खुणा मिळाल्या. त्याच गाळाने मध्य आर्क्टिकमधील समुद्री बर्फ कोट्यवधी वर्षांपासूनचे असल्याचेही दाखविले. सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या उबदार काळात उन्हाळ्यात ते बहुतांशी नाहीसे होत असावे, असा काही अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. पण तो काळ भाषा, यज्ञ व पशुपालन यांच्या फार पलीकडचा.

मनुष्य हिमयुगात आर्क्टिकमध्ये पोहोचलाच नव्हता, असा जो प्रतिवाद कधी कधी केला जातो तोही बरोबर नाही. सायबेरियात याना नदीकाठी, आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेस ७१ अक्षांशावर, सुमारे ३१,००० वर्षांपूर्वीची मानवी वस्ती उजेडात आली आहे. झोखोव्ह बेटावर सुमारे ९००० वर्षांपूर्वी राहणारे लोक कुत्र्यांच्या घसरगाड्या वापरीत. पण हे लोक कडाक्याच्या थंडीत रेनडिअर व अस्वलांची शिकार करणारे होते. गाई, यव आणि रथ यांचे जग त्यांना ठाऊक नव्हते.

भाषाशास्त्रज्ञ आज इंडो-युरोपीय मूळ भाषेचे स्थान बहुतांशी काळा समुद्र व कास्पियन समुद्र यांच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशात मानतात. २०१९ मधील प्राचीन जनुकांच्या मोठ्या अभ्यासाने त्या प्रदेशातील वंशांश इ. स. पू. २००० ते १५०० या काळात दक्षिण आशियात आल्याचे नमूद केले. हा वादही भारतात शांतपणे चाललेला नाही.

हिमयुग आणि कोकण किनारा

टिळकांनी हिमयुगाच्या खुणा ध्रुवाजवळ शोधल्या. त्यांच्या जन्मगावासमोरच्या समुद्रातही त्या होत्या. बर्फाच्या परमावधीत पाणी खंडांवर अडकून पडल्याने जगभरातील समुद्रपातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. रत्नागिरीचा किनारा त्या वेळी कित्येक कोस पश्चिमेस होता आणि आज जेथे मासेमारी चालते तेथे कोरडी जमीन होती. बर्फ वितळत गेले तसा समुद्र चढला आणि सुमारे सहा-सात हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या जवळ आला. नंतरचे चढउतार काही मीटरांचेच आहेत.

परशुरामाने समुद्र हटवून कोकणभूमी निर्माण केली ही कथा, जिचे एक क्षेत्र चिपळूणजवळ आहे, या घटनेची स्मृती असल्याचे सांगण्याचा मोह काहींना होतो. येथेही दिशेची अडचण तीच आहे. कथेत समुद्र मागे हटतो. हिमयुगाच्या अखेरीस तो पुढे आला.

सद्यकालीन हवामान-चर्चेतील स्थान

ध्रुव पूर्वीही बर्फमुक्त होते, तेव्हा आज बर्फ वितळते यात नवीन काय, असा युक्तिवाद हवामान बदलाच्या सार्वजनिक चर्चेत वारंवार ऐकू येतो. त्यातील पूर्वार्ध खरा आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीची अरण्ये, लाख वर्षांपूर्वीचे उन्हाळे आणि आजचे वितळणे ही तिन्ही एकाच रांगेत बसविली की युक्तिवाद बिनतोड वाटू लागतो. वेग आणि कारण यांचा विचार केला की तो टिकत नाही. कक्षेतील बदल हजारो वर्षांच्या गतीने काम करतात आणि सध्या त्यांचा कल उत्तर गोलार्धातील उन्हाळे किंचित थंड करण्याकडे आहे. कर्बद्विप्राणील वायूचे प्रमाण औद्योगिक काळापूर्वी दशलक्ष भागांत सुमारे २८० होते, ते आता ४२० च्या वर गेले आहे. आठ लाख वर्षांच्या हिमगाभ्यांत एवढे प्रमाण कोठेही आढळत नाही. विशेष म्हणजे या वायूचा तापमानाशी संबंध जोडणारे स्वान्ते अऱ्हेनिअस यांचे गणित १८९६ चे, म्हणजे टिळकांच्या ग्रंथापूर्वीचे आहे. तेही हिमयुगाचे कारण शोधतानाच निघाले होते, आणि तापमानवाढ ध्रुवांकडे अधिक होईल असे त्यातून दिसत होते.

आर्क्टिक समुद्रातील बर्फाची सलग उपग्रहीय मोजणी १९७९ पासून उपलब्ध आहे. सप्टेंबरमध्ये, म्हणजे बर्फ किमान असताना, त्याचा विस्तार त्या वर्षी सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर होता. सप्टेंबर २०१२ मध्ये तो सुमारे ३४ लाखांवर उतरला, आणि हा आजवरचा नीचांक आहे. दरवर्षी घट होतेच असे नाही. चढउतार असतात आणि वादात बहुधा सोयीचे वर्ष निवडले जाते. १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे. तरंगणारे बर्फ वितळल्याने समुद्रपातळी जवळजवळ वाढत नाही. किनाऱ्याला महत्त्व आहे ते जमिनीवरील बर्फाचे. एकट्या ग्रीनलंडवर समुद्र सुमारे सात मीटर चढेल इतके पाणी गोठलेले आहे.

भारताच्या ध्रुवीय संशोधनाचे केंद्र कोकणपट्टीच्या दक्षिणेस गोव्यात आहे. पहिली अंटार्क्टिक मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली. वास्को द गामा येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राची स्थापना १९९८ ची. या केंद्राचे 'हिमाद्री' हे स्थानक २००८ पासून स्पिट्झबर्गेन बेटावरील न्यी-ओलेसुंद येथे, ७९ उत्तर अक्षांशावर कार्यरत आहे. तेथील फ्योर्डमध्ये २०१४ मध्ये बसविलेले 'इंडआर्क' हे उपकरण पाण्याखालील तापमान व क्षारता नोंदविते. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत न्यी-ओलेसुंद येथे सूर्य उगवत नाही. या दीर्घ रात्रीच्या काळातही स्थानक चालू ठेवण्यासाठी भारताची पहिली हिवाळी आर्क्टिक मोहीम डिसेंबर २०२३ मध्ये रवाना झाली.